सान्तियागो रामोन इ काहाल : लहरी रंगाशी झुंज

मेंदूचा ताजा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. ऊतक मऊ, ओलसर आणि बहुतांशी रंगहीन असते. ते आधी रसायनात मुरवून घट्ट करावे लागते, त्याचे पातळ काप काढावे लागतात आणि मग ते रंगवावे लागतात. रंग नीट बसला तर पेशी दिसते. बसला नाही, तर ती असूनही दिसत नाही. आणि भलत्याच जागी साचला, तर जे नाही तेही दिसू लागते. ऊतकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही संकटे परिचित असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधील एका प्राध्यापकाने एका अत्यंत लहरी रंजनपद्धतीच्या खोडी एकेक करून शोधल्या, त्यांवर उपाय केले आणि त्या बळावर मेंदू हा स्वतंत्र पेशींचा बनलेला आहे, हे जगापुढे मांडले. सान्तियागो रामोन इ काहाल हे त्यांचे नाव. आधुनिक मेंदूविज्ञानाचे जनक म्हणून ते आज ओळखले जातात.

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे अतिशय गरिबीतून वर आलेले शल्यवैद्य होते. आई आंतोनिया काहाल. स्पेनच्या रिवाजाप्रमाणे वडिलांचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे मुलाच्या नावात आली. मधला 'इ' म्हणजे आपला 'आणि'. वडिलांची शिस्त कडक आणि मुलाचा स्वभाव विलक्षण हूड, त्यामुळे घरात सतत खटके उडत. वयाच्या अकराव्या वर्षी या मुलाने स्वतः तोफ तयार केली आणि शेजाऱ्याच्या बागेचे फाटक उडवून दिले. त्याबद्दल त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. त्याला चित्रकार व्हायचे होते, वडिलांच्या मते चित्रकला हा रिकामटेकडेपणा होता. अभ्यासाकडे लक्ष लागेना म्हणून त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि काही काळ चांभाराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले.

या मुलाला वैद्यकाच्या वाटेवर आणण्याची युक्ती अखेर वडिलांनाच सुचली. १८६८ च्या उन्हाळ्यात ते मुलाला घेऊन जुन्या दफनभूमीत गेले आणि उघड्यावर पडलेली मानवी हाडे गोळा करून त्याला अस्थिशास्त्र शिकवू लागले. हाडांचे आकार, खाचा, उंचवटे कागदावर उतरवताना मुलाच्या बोटांना त्यांचे आवडते काम मिळाले आणि वडिलांना हवा असलेला विद्यार्थी मिळाला. चित्रकार होण्याची इच्छा मेली नाही, तिने फक्त विषय बदलला. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींची काहाल यांनी जी हजारो रेखाचित्रे काढली, त्यांची सुरुवात त्या दफनभूमीत झाली होती.

१८७३ मध्ये झारागोझा येथून वैद्यकाची पदवी घेतल्यानंतर काहाल लष्करात डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्यांना क्युबाला पाठवण्यात आले. तेथे स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड पेटले होते. दलदलीतील छावणीत रुग्णांवर उपचार करताना त्यांना स्वतःलाच हिवतापाने आणि आमांशाने गाठले. १८७५ मध्ये ते खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतले. १८७७ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी माद्रिदला गेले असता तेथील प्राध्यापकांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली काही सुंदर काचपट्ट्या दाखवल्या. त्या पाहून त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटायचे ठरवले. लष्करी सेवेतली शिल्लक आणि हप्त्यांचा आधार घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पाठोपाठ क्षयाने डोके वर काढले, रक्ताची गुळणी झाली. विश्रांती आणि हवापालट यांनी ते त्यातून बचावले. १८७९ मध्ये त्यांचा सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी विवाह झाला. तुटपुंज्या मिळकतीत सात मुलांचा संसार आणि पतीच्या प्रयोगशाळेचा खर्च या दोन्ही गोष्टी त्यांनी निभावून नेल्या.

याच काळात काहाल यांना आणखी एक नाद लागला होता, छायाचित्रणाचा. काचेवर चांदीच्या क्षारांचा थर देऊन ते स्वतः छायाचित्रणाच्या काचा तयार करीत आणि सिल्वेरिया त्या कामात हातभार लावीत. प्रकाश आणि रसायने यांच्या संगतीने चांदी कशी काळी पडते, तापमानाने, वेळेने आणि द्रावणाच्या तीव्रतेने त्यात काय फरक पडतो, हे ज्ञान त्यांना या छंदातून मिळाले. ते पुढे फार मोलाचे ठरले.

१८८४ मध्ये काहाल शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून व्हॅलेन्सियाला गेले. पुढच्याच वर्षी तेथे पटकीची साथ आली. साथीचा त्यांनी केलेला अभ्यास झारागोझाच्या प्रांतिक शासनाला इतका उपयुक्त वाटला, की मानधनाबरोबरच त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट देण्यात आला. जंतुशास्त्रात शिरण्याची संधी त्या वेळी त्यांच्यापुढे होती. परंतु जंतुशास्त्राला प्राणी, पिंजरे आणि पैसा लागतो. ऊतकशास्त्राला एक सूक्ष्मदर्शक, एक वस्तरा, काही बाटल्या आणि भरपूर चिकाटी पुरते. काहाल यांनी ऊतकशास्त्र निवडले.

मेंदूच्या अभ्यासात त्या वेळी मोठी कोंडी झाली होती. १८५८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योसेफ फॉन गेरलाख यांनी कारमाइन हा किरमिजी रंग मेंदूच्या अभ्यासात यशस्वीपणे वापरून दाखवला होता. हिमॅटॉक्सिलिनसारखे अन्य रंगही उपलब्ध झाले होते. पण या रंगांचा एक दोष होता. ते कापातील सगळ्याच पेशींना एकदम रंगवीत आणि मुख्यतः पेशीचे अंग आणि केंद्रक दाखवीत. पेशींपासून निघणारे बारीक तंतू थोड्या अंतरावर अस्पष्ट होऊन इतर तंतूंच्या गर्दीत हरवून जात. दाट जंगलात उभे राहून एकाच वेलीचा माग काढायचा, तसे ते काम होते. जे दिसत नव्हते त्याची भर कल्पनेने घातली गेली. सगळे तंतू एकमेकांत मिसळून मेंदूभर एकच सलग जाळे बनते, असे मत गेरलाख यांनी मांडले आणि बहुतेकांनी ते स्वीकारले. शरीराचे बाकी सर्व अवयव स्वतंत्र पेशींचे बनलेले असताना मेंदू मात्र अपवाद आहे, असा त्याचा अर्थ होता.

ही कोंडी फोडणारी पद्धत इटलीत जन्मली. मिलानजवळच्या आबियातेग्रासो या गावी असाध्य रुग्णांच्या रुग्णालयात कामिल्लो गोल्जी हे डॉक्टर होते. तेथील स्वयंपाकघरात त्यांनी लहानशी प्रयोगशाळा मांडली होती. पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात दीर्घकाळ मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला, की दोन्ही क्षारांची प्रक्रिया होऊन सिल्व्हर क्रोमेट तयार होते आणि ते काही पेशींच्या आत साचते, असे त्यांना आढळले. १८७३ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. या पद्धतीची खुबी अशी, की शेकडो पेशींपैकी फक्त मोजक्याच पेशी रंगतात, आणि ज्या रंगतात त्या अंगापासून शेंड्यापर्यंत संपूर्ण काळ्या होतात. पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्यासारखी एकच पेशी उभी राहते. नेमक्या ठरावीक पेशीच का रंगतात, याचे पूर्ण उत्तर आजही मिळालेले नाही.

एवढी प्रभावी पद्धत असूनही पुढची चौदा वर्षे बहुतेक प्रयोगशाळांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले. याचे मुख्य कारण तिचा लहरीपणा. एकाच मेंदूचे दोन तुकडे एकाच बाटलीत ठेवले तरी एकात सुंदर पेशी उमटत आणि दुसऱ्यात काहीच नसे. कधी संपूर्ण कापावर काळ्या स्फटिकांचा चिखल जमे, कधी फक्त रक्तवाहिन्याच रंगत. प्रौढ प्राण्याच्या मेंदूत तर तंतू थोडे अंतर रंगून एकाएकी तुटल्यासारखे दिसत. नेमक्या निकालाची हमी नसलेली पद्धत कोण वापरणार?

१८८७ मध्ये एका परीक्षामंडळाचे सदस्य म्हणून काहाल माद्रिदला गेले होते. पॅरिसहून परतलेले मनोविकारतज्ज्ञ लुईस सिमारो यांनी त्यांना आपल्या घरी गोल्जी पद्धतीच्या काचपट्ट्या दाखवल्या. काहाल चकित झाले. सिमारो यांनाही या पद्धतीच्या बेभरवशीपणामुळे पुढे जाता आले नव्हते. त्याच वर्षी काहाल यांची बार्सिलोनाला बदली झाली. तेथे त्यांनी आपल्या घरीच प्रयोगशाळा मांडली. बुद्धिबळाचे त्यांना व्यसन म्हणावे इतके वेड होते; कामात व्यत्यय नको म्हणून त्यांनी तेही सोडून दिले.

काहाल यांच्या कामाची रीत येथे समजून घेण्यासारखी आहे. एखादा काप बिघडला की तो फेकून देऊन नशिबाला दोष देण्याऐवजी तो का बिघडला, हे ते शोधत. रंग काही वेळा बसतोच, याचा अर्थ पद्धतीत दोष नाही. परिस्थितीत काहीतरी बदलते आहे आणि ते ओळखता आले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न पुरेशा पेशी न रंगण्याचा. गोल्जी यांनीच पुढे सुचवलेल्या जलद पद्धतीत डायक्रोमेटमध्ये थोडे ऑस्मिक आम्ल मिसळले जाई, त्यामुळे आठवड्यांचे काम दिवसांवर येई. काहाल यांनी हे मिश्रण पसंत केले. परंतु चांदीच्या द्रावणातून काढलेला तुकडा लगेच कापण्याऐवजी त्यांनी तो पुन्हा डायक्रोमेटच्या मिश्रणात आणि पुन्हा चांदीच्या द्रावणात ठेवला. या दुहेरी मुरवणीमुळे पहिल्या वेळी फिके राहिलेले किंवा सुटून गेलेले तंतू दुसऱ्या वेळी भरून निघत. बेभरवशाची पद्धत बऱ्याच अंशी हुकमी झाली.

दुसरा प्रश्न वेळेचा आणि उष्णतेचा. तुकडा डायक्रोमेटमध्ये किती दिवस मुरतो, यावर पुढे काय रंगणार हे अवलंबून असते, हे काहाल यांच्या लक्षात आले. कमी दिवसांत आधारपेशी रंगतात, थोड्या अधिक दिवसांत चेतापेशी आणि त्याहून अधिक दिवसांत लांब तंतू. खोलीतल्या हवेच्या तापमानानेही हे दिवस मागेपुढे होत. म्हणजे अपयशी ठरलेला तुकडा अनेकदा केवळ एक-दोन दिवस लवकर किंवा उशिरा बाहेर काढलेला असे. ज्याला इतर जण रंगाची लहर म्हणत होते, ते प्रत्यक्षात न पाळलेले वेळापत्रक होते.

तिसरा प्रश्न कापाच्या जाडीचा. त्या काळी जितका काप पातळ तितका तो उत्तम, असे मानले जाई. कारमाइनसाठी ते बरोबरही होते. पण गोल्जी पद्धतीत मोजक्याच पेशी रंगत असल्याने गर्दीची भीती नव्हती. उलट पातळ कापात एकाच पेशीच्या फांद्या तुटून निरनिराळ्या कापांत विखुरल्या जात. काहाल यांनी मुद्दाम जाड काप घेतले आणि अनेकदा ते साध्या वस्तऱ्याने हातानेच कापले. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू हळूहळू फिरवत ते त्या जाडीतून खाली उतरत आणि एकाच तंतूचा शेवटपर्यंत पाठलाग करीत. काचपट्टीवरचा काप वरून पातळ काचेने झाकला तर हा काळा रंग कालांतराने बिघडतो, म्हणून असे काप ते उघडेच, रेझिनच्या थरात ठेवीत.

चौथा प्रश्न सर्वात अवघड होता आणि त्याचे उत्तर सर्वात साधे ठरले. प्रौढ मेंदूत लांब तंतूंभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. चांदी त्यातून आत शिरत नाही, म्हणून रंग मध्येच तुटतो. वेष्टन भेदणारे नवे रसायन शोधत बसण्याऐवजी काहाल यांनी वेष्टन तयार होण्याआधीचा मेंदू घेतला. अंड्यातील पिलू, नुकतीच जन्मलेली सस्तन प्राण्यांची पिल्ले आणि पक्ष्यांची पिल्ले यांचे मेंदू त्यांनी मुरवले. तेथे तंतू उघडे होते, अंतरे लहान होती आणि फांद्यांची संख्याही कमी होती. पूर्ण वाढलेल्या वनात शिरण्याऐवजी रोपवाटिकेत जाऊन झाड ओळखावे, तसा हा मार्ग होता.

या चार सुधारणांचे फळ १८८८ मध्ये हाती आले. पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, काही पेशींचे तंतू पुर्किन्ये पेशींपर्यंत येऊन त्यांच्या अंगाभोवती टोपलीसारखे विणले जातात, हे काहाल यांना दिसले. ते तंतू पेशीला लगटून होते, तिच्यात मिसळलेले नव्हते. प्रत्येक तंतूला स्वतःचा शेवट होता. सलग जाळे कोठेही आढळले नाही. त्यानंतर दृष्टिपटल, मज्जारज्जू, घ्राणकंद, मेंदूचा बाह्यक, जेथे पाहावे तेथे हेच चित्र. मेंदू अपवाद नव्हता. तोही पेशींचाच बनला होता. त्या पेशी एकमेकींना संदेश देतात, पण एकमेकींत विरघळत नाहीत.

विचित्र गोष्ट अशी, की ज्या गोल्जी यांची ही पद्धत होती, ते स्वतः सलग जाळ्याच्या मताचे होते. त्यांच्या मते पेशींचे अक्षतंतू फुटून त्यांच्या बारीक शाखांचे एक विस्तृत जाळे बनते आणि मेंदूचे कार्य त्या जाळ्यातून चालते. एकाच रंगाने दोन प्रयोगशाळांमध्ये दोन निरनिराळे मेंदू दाखवले होते.

काहाल यांना आपले काम लोकांपर्यंत पोचवणेही तितकेच कठीण गेले. स्पेन हा विज्ञानाच्या नकाशावर मागासलेला देश समजला जाई आणि स्पॅनिश भाषेतील शोधनिबंध युरोपात कोणी वाचत नसे. मे १८८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक त्रैमासिक सुरू केले. पहिल्या अंकाच्या अवघ्या ६० प्रती छापल्या. बहुतेक प्रती परदेशातील नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. प्रतिसाद जवळजवळ शून्य. अखेर १८८९ मध्ये, शिल्लक टाकलेले पैसे खर्चून आणि काचपट्ट्यांची पेटी घेऊन ते जर्मन शरीररचना परिषदेच्या बर्लिन येथील अधिवेशनाला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलणाऱ्या या अनोळखी स्पॅनिश माणसाकडे सुरुवातीला कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडले, सर्वोत्तम काचपट्ट्या लावल्या आणि लोकांना पाहायला बोलावले. पाहणाऱ्यांमध्ये बहात्तर वर्षांचे आल्बर्ट फॉन क्योलिकर होते. युरोपातील ऊतकशास्त्रज्ञांमध्ये त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. काचपट्ट्या पाहून त्यांनी काहाल यांना उचलून धरले, त्यांचे प्रयोग स्वतः पडताळून पाहिले, जाळ्याबाबतचे आपले जुने मत बदलले आणि काहाल यांचे लेखन वाचता यावे म्हणून त्या वयात स्पॅनिश शिकायला घेतले. १८९१ मध्ये विल्हेल्म वाल्डेयर यांनी या सर्व निष्कर्षांचे एकत्रित विवेचन करून चेतापेशीला न्यूरॉन हे नाव दिले. ते जगभर रूढ झाले.

मान्यता मिळाल्यावरही रंगाबद्दलची शंका संपली नव्हती. पुर्किन्ये पेशींच्या शाखांवर काहाल यांना गुलाबाच्या देठावरील काट्यांसारखे अतिशय बारीक उंचवटे दिसले होते. अनेक जाणकारांनी हे काटे म्हणजे शाखांवर साचलेले चांदीचे कण आहेत, असे सांगून ते मोडीत काढले. आक्षेप गैरवाजवी नव्हता. गोल्जी पद्धतीत असे फसवे साचणे नित्याचेच होते. काहाल यांनी वादावादी न करता दुसरा रंग घेतला. पॉल एर्लिख यांनी चेतापेशींसाठी वापरात आणलेला मिथिलीन ब्लू हा निळा रंग चांदीपेक्षा सर्वस्वी वेगळ्या रसायनमार्गाने पेशी रंगवतो. १८९६ मध्ये त्या रंगातही नेमक्या त्याच जागी तेच काटे दिसले. दोन असंबद्ध साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली होती. पेशी-पेशींतील अनेक जोडण्या याच काट्यांवर होतात, हे पुढे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सिद्ध झाले.

१८९२ मध्ये काहाल माद्रिद विद्यापीठात आले. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी बोलावले. त्या मुक्कामात ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी राहिले. दोन चेतापेशींमधील जोडणीला सिनॅप्स हे नाव पुढे १८९७ मध्ये शेरिंग्टन यांनीच रूढ केले. १८९७ ते १९०४ या काळात काहाल यांचा मज्जासंस्थेच्या रचनेवरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. रंग आणि रेखाटन यांचा असा मिलाफ त्या विषयात पूर्वी झाला नव्हता.

पण शतक उलटताना सलग जाळ्याचे मत पुन्हा डोके वर काढू लागले. हंगेरीचे श्टेफान आपाथी आणि जर्मनीचे आल्ब्रेख्ट बेथे यांनी चेतापेशींच्या आतील अतिसूक्ष्म धागे रंगवण्याच्या पद्धती काढल्या होत्या, आणि हे धागे एका पेशीतून दुसरीत सलग जातात, असा त्यांचा दावा होता. गोल्जी पद्धत पेशीला आतून संपूर्ण काळी करते, त्यामुळे तिच्यात आतले धागे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जुन्या रंगाने नव्या रंगाला उत्तर देता येत नव्हते. येथे काहाल यांचा तरुणपणीचा छायाचित्रणाचा छंद उपयोगी पडला. १९०३ मध्ये इटलीच्या प्रवासात असताना त्यांना नवी कल्पना सुचली आणि माद्रिदला पोचताच त्यांनी ती करून पाहिली. ऊतकाचा लहान तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ऊबदार कपाटात काही दिवस मुरवायचा आणि मग छायाचित्राची काच धुवावी तसा पायरोगॅलिक आम्लात ठेवायचा. ऊतकात शिरलेली चांदी तेथे धातुरूप होऊन धाग्यांवर गडद तपकिरी उमटते.

या पद्धतीलाही तिच्या खोडी होत्याच. तुकड्याचा बाहेरचा थर जास्त रंगून काळवंडे, गाभा फिका राही आणि मधला पट्टाच उत्तम उतरे. म्हणून कोणता काप पाहायचा हे आधी ठरवावे लागे. काहाल यांनी या अडचणीचेही पद्धतशीर वर्गीकरण केले. चांदीआधी तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला, अमोनियायुक्त अल्कोहोलमध्ये ठेवला की क्लोरल हायड्रेटमध्ये, यावर कोणते तंतू ठळक होतात ते बदलते, हे पाहून त्यांनी प्रत्येक कामासाठी वेगळी कृती ठरवून दिली. या रंगाने धागे स्पष्ट दिसले, आणि ते पेशीच्या हद्दीतच संपत होते. तुटलेली नस पुन्हा कशी वाढते, हेही याच रंगाने कळले. मेंदूकडच्या टोकातून नवे तंतू फुटतात आणि त्यांच्या अग्रावरील फुगीर शंकू वाट काढत पुढे सरकतो. हा शंकू काहाल यांनी १८९० मध्येच कोंबडीच्या गर्भात पाहिला होता.

१९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना विभागून देण्यात आले. या विषयातील पारितोषिक दोघांत विभागले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. रंग शोधणारा आणि तो रंग राबवणारा, असे हे दोघे स्टॉकहोममध्ये प्रथमच समोरासमोर आले. गोल्जी यांनी आपले नोबेल व्याख्यान चेतापेशी स्वतंत्र असल्याच्या मताचे खंडन करण्यात खर्ची घातले. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपल्या व्याख्यानात गोल्जी यांच्या पद्धतीचे ऋण मान्य केले आणि मग एकामागून एक पुरावे मांडले. दोघांमध्ये स्नेह कधीच निर्माण झाला नाही.

काहाल यांच्या जीवनातील यानंतरचा एक प्रसंग त्यांच्या चाहत्यांना अडचणीत टाकणारा आहे, परंतु तो वगळून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही. १९१३ मध्ये त्यांनी सोन्याच्या क्षारांवर आधारित नवा रंग तयार केला. त्यात मेंदूतील ताऱ्यासारख्या आधारपेशी अप्रतिम उमटत. मात्र काही पेशींचे केवळ गोल अंगच दिसे, त्यांना फांद्या दिसत नसत. काहाल यांनी त्यांना तिसरा घटक म्हटले आणि त्या फांद्याविरहित आहेत, असे नोंदवले. त्यांच्या प्रयोगशाळेतील पीओ देल रिओ-ओर्तेगा या सहकाऱ्याने सिल्व्हर कार्बोनेटचा रंग शोधला, आणि १९१९ मध्ये त्या रंगात याच पेशींना फांद्या असल्याचे दिसले. त्यांत दोन वेगळे प्रकार होते: मेंदूची साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया आणि मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेंड्रोग्लिया. काहाल यांनी पहिला प्रकार स्वीकारला, पण त्या शोधाचे श्रेय पूर्णपणे देताना हात आखडला. दुसरा प्रकार मान्य करायला त्यांना बरीच वर्षे लागली. प्रयोगशाळेतील मतभेद विकोपाला गेले आणि १९२० मध्ये रिओ-ओर्तेगा यांना तेथून बाहेर पडावे लागले. आपल्या रंगात जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, ही चूक आयुष्यभर इतरांना दाखवून देणाऱ्या काहाल यांच्याकडून अखेर तीच चूक झाली. नंतरच्या काळात दोघांमधला दुरावा काहीसा कमी झाला आणि रिओ-ओर्तेगा यांचे निष्कर्ष खरे ठरले.

उतारवयातही काहाल सूक्ष्मदर्शकापासून दूर गेले नाहीत. स्पेनने त्यांच्यासाठी उभारलेली संशोधनसंस्था त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि तेथे शिष्यांची पिढी तयार झाली. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले. चेतापेशींमध्ये खरोखरच अंतर असते, याचा निर्णायक पुरावा मिळायला आणखी दोन दशके लागली. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधील सूक्ष्म फट स्पष्ट दिसली आणि जुना वाद मिटला. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांच्या काचपट्ट्या, रेखाचित्रे आणि कागदपत्रे यांचा जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत समावेश केला.

गोल्जी पद्धत आजही मेंदूसंशोधनाच्या प्रयोगशाळांत वापरली जाते आणि आजही ती कधी कधी रुसते. रुग्णालयातील साध्या तपासणीत हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे जोडरंग वापरणाऱ्या तंत्रज्ञालाही फिका पडलेला काप हाती आला की काहाल यांच्याच वाटेने जावे लागते. ऊतक पुरेसे मुरले होते का, द्रावण जुने झाले का, काप योग्य जाडीचा आहे का, आणि दिसणारा डाग ऊतकाचा आहे की रंगाचा, हे एकेक करून तपासावे लागते. त्या काचेवरील निदानावर कोणा रुग्णाचे उपचार अवलंबून असतात. बिघडलेला काप का बिघडला हे विचारण्याचा कंटाळा काहाल यांनी केला असता, तर चेतापेशींचे स्वतंत्र अस्तित्व ओळखायला जगाला कदाचित आणखी बरीच वर्षे वाट पाहावी लागली असती.